जिप्सीचा ॲक्सल ‘तगडा’ करून देताय? आधी ठरवा, तुटायचं कुठे!



गॅरेज टाकायचं ठरवलं की पहिला सल्ला मिळतो, “सगळ्या गाड्यांचं काम घे, गिऱ्हाईक परत पाठवू नको.” आपल्या चॅनलवर आपण याच्या उलट सांगतो. छोट्या माणसाने एक काम निवडावं आणि त्यात असं नाव करावं, की लोक शंभर किलोमीटरवरून गाडी घेऊन आले पाहिजेत. आज अशाच एका कामाबद्दल बोलू: छोट्या फोर-बाय-फोर गाडीचा ॲक्सल मजबूत करून देणं.

उदाहरणाला मारुती जिप्सी घेऊ. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली ही गाडी साध्या ग्राहकासाठी २०१९ च्या आसपास बंद झाली, पण रस्त्यावरून गेलेली नाही. ताडोबाच्या सफारीत ती आहे, सह्याद्रीत शनिवार-रविवार भटकणाऱ्यांकडे आहे, चिखलातल्या स्पर्धांमध्येही आहे. नवी गाडी मिळत नाही म्हटल्यावर जुनी सांभाळणं आणि तिची ताकद वाढवणं आलंच. म्हणजे काम आहे. पण या कामात चूक झाली तर चाक निखळतं आणि आत माणसं बसलेली असतात. म्हणून हा लेख नीट वाचा.

गिऱ्हाईक काय मागतं आणि त्याला काय हवं असतं

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “दादा, एकदम तगडा ॲक्सल टाका, परत तुटायला नको.” नवा माणूस लगेच जाड शाफ्टचा भाव सांगतो. इथेच धंदा फसतो.

इंजिनातून निघालेला जोर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्ट, क्राऊन-पिनियन, डिफरन्शियल, ॲक्सल शाफ्ट आणि शेवटी चाक असा जातो. ही साखळी आहे. जोर वाढला की सगळ्यात कच्ची कडी तुटणार. ती कडी मजबूत केलीत की तुटणं थांबत नाही, ते पुढच्या कच्च्या कडीवर सरकतं. शाफ्ट जाड केला तर क्राऊन-पिनियनचे दात जातात. तेही भारी टाकले तर हाऊसिंग वाकतं.

म्हणून आपण विकायची गोष्ट आहे ‘बरोबर जागी ठेवलेली कच्ची कडी’. घरातल्या वायरिंगमध्ये फ्यूज असतो ना, तसं. फ्यूज स्वस्त हवा, हाताशी हवा आणि उडाला तरी घर पेटता कामा नये. गाडीतही तेच: तुटलंच तर स्वस्त, बाहेरून बदलता येणारं आणि जिवाला धोका न करणारं काहीतरी तुटावं. ज्या गाडीला पुढच्या चाकांवर फ्री-व्हीलिंग हब आहेत, तिथे बरेच अनुभवी लोक हबलाच फ्यूज मानतात. जंगलात अर्ध्या तासात हब बदलता येतो, क्राऊन-पिनियन नाही.

जोर वाढतो कशाने? एक छोटा हिशोब

हा हिशोब पाठ करा, गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडता आला पाहिजे.

टॉर्क म्हणजे पीळ. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगलं, तर साधारण १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. १.३ लिटर एमपीएफआय जिप्सीचं इंजिन जास्तीत जास्त सुमारे १०३ न्यूटन-मीटर देतं. मात्र पहिला गिअर, लो रेंज आणि क्राऊन-पिनियन मिळून हा पीळ साधारण तीस पट होतो. म्हणजे चाकांकडे ३,००० न्यूटन-मीटरच्या आसपास पोचू शकतो.

पण हा सगळा पीळ शाफ्टवर येतोच असं नाही. चाक जमिनीला जेवढं धरतं, तेवढाच पीळ शाफ्ट सोसतो. चाक घसरलं की पीळ सुटला. म्हणून सूत्र असं:

शाफ्टवरचा पीळ = चाकावरचं वजन × पकड × टायरची त्रिज्या

आता तीन परिस्थिती बघा. कोरड्या खडकावर पकड ०.९ धरू.

१) मूळ मापाच्या जवळचा २०५/७० आर १५ टायर, त्रिज्या ०.३३ मीटर. चढावर मागच्या एका चाकावर ४५० किलो. पीळ साधारण १,३०० न्यूटन-मीटर.

२) तीच गाडी, ३१ इंची टायर, त्रिज्या ०.३९ मीटर. पीळ साधारण १,५५० न्यूटन-मीटर. नुसत्या टायरने १८ टक्के वाढ.

३) ३१ इंची टायर आणि मागे डिफ लॉक. एक चाक हवेत, दुसऱ्यावर समजा ८०० किलो. पीळ साधारण २,७५० न्यूटन-मीटर.

पहिल्या आणि तिसऱ्या परिस्थितीत इंजिन तेच आहे, पण शाफ्टवरचा ताण दुपटीहून जास्त झाला. कारण साधं आहे. साध्या डिफमध्ये एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही. गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो. लॉक लावला की जमिनीवरचं एकटं चाक सगळा भार ओढतं.

यात झटका अजून धरलेला नाही. चिखलात गरगर फिरणारं चाक अचानक दगडाला पकडतं, तेव्हा त्या फिरत्या टायरची सगळी ऊर्जा क्षणात शाफ्टवर येते. टायर जितका जड, तितका झटका मोठा. शाफ्ट बहुतेक वेळा अशा झटक्यातच जातात.

धंद्यासाठी यातून धडा: गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारा, “टायर कुठला? लॉक आहे का? पुढे टाकणार आहात का?” या उत्तरांवरून अर्धं काम ठरतं.

जिप्सीत नेमकं काय कुठे जातं

मागचा ॲक्सल. जिप्सीचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. म्हणजे मागचा शाफ्ट दोन कामं करतो: चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. ट्रकसारख्या फुल-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये वजन हाऊसिंगवरच्या बेअरिंगवर असतं, शाफ्टला फक्त पीळ सोसावा लागतो. जिप्सीचा मागचा शाफ्ट आतल्या टोकाला, डिफजवळ तुटला तर बाहेरचं बेअरिंग चाकाला बहुधा धरून ठेवतं. पण बेअरिंगच्या बाहेर, फ्लँजजवळ तुटला तर चाक आणि ब्रेक ड्रम दोन्ही निघून जाऊ शकतात. त्यामुळे मागच्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला तडजोड नाही.

पुढचा ॲक्सल. इथे चाक वळतंही आणि फिरतंही, म्हणून शाफ्टच्या टोकाला सीव्ही जॉइंट आहे. स्टीअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला, विशेषतः रिव्हर्समध्ये, तर हा जॉइंट फुटतो. यावर पहिला इलाज चालवणाऱ्याला शिकवणं, दुसरा इलाज चांगला जॉइंट.

हाऊसिंग. उडी मारून आपटलेली किंवा जड टायरची गाडी असेल तर हाऊसिंगची नळी वाकते. मग ऑईल सील वारंवार गळतं, बेअरिंग खातं, टायर एका बाजूने झिजतो. गिऱ्हाईक तीन वेळा सील बदलून येतं आणि दोष सीलला देतं.

स्पेसर आणि बाहेर काढलेली रिम. गाडी रुंद दिसावी म्हणून चाक बाहेर काढलं की बेअरिंगपासून भाराचं अंतर वाढतं. सेमी-फ्लोटिंग शाफ्टला हे दुहेरी भोवतं, कारण वाकवणारा ताणही त्याच्यावरच येतो.

मजबुती वाढवायचे मार्ग, स्वस्तापासून महागापर्यंत

*पहिली पायरी: आहे ते ठणठणीत करा.* बेअरिंग, सील, गिअर ऑईल, क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश, यू-बोल्टचा ताण. शाफ्ट काढून डायल गेजवर फिरवा, वाकडा आहे का बघा. स्प्लाइनचे दात सरळ आहेत की पिळलेत, ते बघा. पिळलेले दात म्हणजे शाफ्ट आपली मर्यादा ओलांडून परत आलाय. अशा शाफ्टवर एकही किलोमीटर भरवसा ठेवू नका.

*दुसरी पायरी: शाफ्टचं स्टील बदला.* त्याच मापात, चांगल्या मिश्रधातू पोलादाचा शाफ्ट. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ईएन २४ हे नाव ऐकलं असेल. परदेशी ऑफ-रोड शाफ्ट ज्या ४३४० पोलादाचे असतात, ते त्याच्याच जवळचं. माप तेच असल्याने बाकी काही बदलावं लागत नाही. छोट्या वर्कशॉपसाठी हा सगळ्यात समजूतदार मार्ग.

*तिसरी पायरी: शाफ्ट जाड करा.* पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. व्यास १० टक्के वाढला की ताकद सुमारे ३३ टक्के वाढते. पण त्यासाठी डिफमधले साइड गिअर, बेअरिंग, सील, कधीकधी हाऊसिंगचं तोंड, सगळं बदलावं लागतं. स्पर्धेच्या गाडीला हे परवडतं, घरच्या गाडीला नाही.

*चौथी पायरी: हाऊसिंगला आधार.* वरून किंवा मागून पट्टीचा ट्रस वेल्ड करणं. ताकद मिळते, पण वेल्डिंगच्या उष्णतेने नळी ओढली जाते आणि सरळ हाऊसिंग तुम्ही स्वतःच वाकडं करता. म्हणून आतलं सगळं काढून, आळीपाळीने छोटे टाके मारत, थंड होऊ देत काम करायचं. आधी आणि नंतर दोन्ही वेळा सरळपणा मोजून लिहून ठेवायचा.

आणि एक गोष्ट नाकारायला शिका: डिफ वेल्ड करून ‘फुकटातला लॉक’. फक्त स्पर्धेची, ट्रेलरवरून नेणारी गाडी सोडली तर हे करू नका. डांबरी रस्त्यावर वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या गतीने फिरावं लागतं. ते अडवलं की टायर घासतात, शाफ्टवर सतत पीळ राहतो आणि ओल्या घाटात गाडी सरळ जायला बघते.

शाफ्ट बनवून घ्यायचा असेल तर

भोसरी, चाकण, कोल्हापूरचं शिरोली आणि गोकुळ शिरगाव, नाशिकचं सातपूर आणि अंबड, संभाजीनगरचं वाळूज. आपल्या महाराष्ट्रात फोर्जिंग, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांची वाण नाही. पण “ईएन २४ आहे साहेब” या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका. चार गोष्टी मागा:

१) स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट. त्याच बारचा तुकडा स्पेक्ट्रो तपासणीला वेगळा पाठवा.

२) हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट. हे पोलाद साधारण ८३० ते ८५० अंशांना तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात, याला टेम्परिंग म्हणतात. टेम्परिंग चुकलं तर शाफ्ट काचेसारखा तुटतो. लक्षात ठेवा, कडक म्हणजे मजबूत नव्हे.

३) हार्डनेसची नोंद, प्रत्येक शाफ्टची वेगळी.

४) तडे तपासणारी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी. शाफ्टची तूट पृष्ठभागावरून सुरू होते. टूलचा एक खोल ओरखडा किंवा कोपऱ्याला न दिलेली गोलाई पुरेशी असते. म्हणून शाफ्टवर कधीही पंचने नंबर ठोकू नका, शाईने लिहा.

भट्टीवाल्यांकडे बहुतेक वेळा किमान बिल ठरलेलं असतं. एक जोडी नेली तरी तेवढेच पैसे. म्हणून सुटी सुटी जोडी करू नका, चार-सहा ऑर्डर जमवा आणि एकत्र लॉट टाका.

आणि एक फुकटची युक्ती. शाफ्ट बसवताना त्याच्यावर टोकापासून टोकापर्यंत सरळ पांढऱ्या रंगाची रेघ मारा. पुढच्या सर्व्हिसला शाफ्ट काढला आणि रेघ जिन्यासारखी वळलेली दिसली, तर शाफ्ट पिळलाय. तुटण्याआधी कळलं. गिऱ्हाइकाला ती रेघ दाखवा. त्याचा तुमच्यावरचा विश्वास कुठल्याही जाहिरातीने येणार नाही इतका वाढतो.

तीन गिऱ्हाइकं, तीन पॅकेज

सफारीवाला. त्याची गाडी रोज चालते, वेग कमी, टायर मूळ मापाचे. त्याला लॉक नको, जाड शाफ्ट नको. त्याला हंगामात गाडी बंद पडायला नको. पहिली पायरी, कंपनीच्या दर्जाचे भाग आणि पावसाळ्याच्या सुट्टीत पूर्ण तपासणी. पैसे देऊन बसलेले पर्यटक आत असतात, तेव्हा प्रयोग करायचे नाहीत. याच्याशी वर्षाचा करार करा.

शनिवार-रविवार भटकणारा. टायर थोडे मोठे, कधीतरी लॉक टाकायचा विचार. पहिली आणि दुसरी पायरी. आणि त्याला खरं सांगा की लॉकच्या आधी शाफ्ट, उलट क्रमाने नाही.

स्पर्धावाला. २०१४ मध्ये गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडेही हा वर्ग दिसू लागला. याला सगळ्या पायऱ्या लागतात. पण याची गाडी तुटणार हे धरूनच चला. त्याला एक जादा जोडी शाफ्ट, सील आणि बेअरिंगची तयार पेटी विका. तुमचा नफा त्या पेटीत आहे.

भाव कसा लावायचा

आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी आहेत, तुमच्या भागातले भाव तुम्ही टाका.

समजा दुसऱ्या पायरीचं काम आलं. भाग २४,०००. बाहेरचं मशीनिंग आणि भट्टी ९,०००. मजुरी: दोन माणसं, तीन दिवस, रोज १,२०० प्रमाणे ७,२००. इथवरची बेरीज ४०,२००. नवा माणूस वर ५,००० लावतो आणि ४५,२०० सांगून खूश होतो.

आता राहिलेलं धरा. तपासणी २,०००. जागाभाडं, वीज, हत्यारांची झीज रोज १,५०० प्रमाणे तीन दिवसांचे ४,५००. खरा खर्च ४६,७०० झाला. म्हणजे वरचा माणूस १,५०० रुपये खिशातून घालतोय आणि त्याला पत्ताही नाही! त्यात काम परत आलं तर त्याची तरतूद ५ टक्के, म्हणजे २,३३५. एकूण ४९,०३५. त्यावर २० टक्के नफा ९,८०७. भाव झाला ५८,८४२, अधिक जीएसटी. हा भाव ऐकून गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. तोट्यातलं काम करून राखलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी आणखी कमी भाव मागतं.

कायदा: इथे दुर्लक्ष चालत नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित केलेला भाग नियमात बसत नसताना विकला, तर विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा प्रत्येक भागामागे एक लाखापर्यंतचा दंड, किंवा दोन्ही.

शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाचं दायित्व आलंय. सदोष मालामुळे इजा झाली तर बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा, तिघांनाही जबाब द्यावा लागू शकतो. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मूळ मापातलंच काम करा, टायर आणि उंचीचे बदल आरटीओत विचारल्याशिवाय हातात घेऊ नका आणि स्पर्धेची गाडी ट्रेलरवरून येईल असं लेखी घ्या. मोठ्या प्रमाणावर भाग बनवायचा विचार झाला, तर पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेकडे तपासणीची चौकशी आधी करा, साचे नंतर बनवा.

प्रत्येक गाडीची एक फाईल ठेवा: टायर, लॉक आहे की नाही, बसवलेल्या भागांचे रिपोर्ट, आधी-नंतरची मापं, फोटो आणि गिऱ्हाइकाची सही. त्यात एक ओळ हवीच: “या कामानंतर टायरचं माप वाढवल्यास किंवा लॉक बसवल्यास पुन्हा तपासणी आवश्यक.” भांडण झालं तर ही फाईल तुमच्या बाजूने बोलते.

या आठवड्याचं काम

वर्कशॉप काढायच्या आधीच हे करा. तुमच्या भागातल्या दहा जिप्सी किंवा जिम्नी मालकांना भेटा. प्रत्येकाला तीनच प्रश्न: टायर कुठला, लॉक आहे का, आजवर काय तुटलं आणि कुठे तुटलं? उत्तरं वहीत तक्ता करून लिहा. दहा ओळी झाल्या की तुमच्या लक्षात येईल, तुमच्या भागात कुठली कडी सगळ्यात जास्त तुटते. तुमचा पहिला स्टॉक, पहिलं पॅकेज आणि दुकानाच्या पाटीवरचं वाक्य त्याच तक्त्यातून निघेल.

तक्ता तयार झाला की त्यावरून भावपत्रक कसं बनवायचं, ते पुढच्या व्हिडिओत पाहू. वही जवळ ठेवा!